उत्तरसूचीच चुकीची असेल तर कुठे भांडावे आणि कुठे सोडून द्यावे

आंतरमहाविद्यालयीन प्रश्नमंजूषेच्या अंतिम फेरीत ‘भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता’ या प्रश्नाला ‘अधिकृतरीत्या कोणताही नाही’ असे उत्तर दिल्याबद्दल तुमच्या संघाचे गुण गेले, ‘जगातील सर्वांत मोठे वाळवंट’ या प्रश्नाला तुम्ही अंटार्क्टिका म्हणालात तर परीक्षकांनी सहारा हेच बरोबर ठरवले, आणि दोन्ही वेळा ‘आमच्या उत्तरसूचीत असे आहे’ एवढे म्हणून विषय मिटवण्यात आला, असे तुम्ही लिहिले आहे. दाद कोठे मागावी आणि पुढच्या वर्षी कोणत्या पुस्तकावर विसंबावे, हे तुमचे दोन प्रश्न. पुण्यातल्याच एका स्पर्धेत मी नेमक्या याच चक्रातून गेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. अंतिम फेरीपर्यंत पोचलेल्या माणसाला रोज वर्तमानपत्र वाचा, टिपणे काढा, असे सांगण्यात काही अर्थ नाही. ते सोडून देतो.

आधी तुमच्या दोन उत्तरांविषयी. हॉकीच्या बाबतीत तुमची बाजू पूर्णपणे भक्कम आहे. माहितीच्या अधिकारात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०१२ मध्येच स्पष्ट केले होते की, कोणत्याही खेळाला राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित करण्यात आलेले नाही. १९२८ ते १९५६ या काळात भारताने ऑलिम्पिक हॉकीत ओळीने सहा सुवर्णपदके मिळवली, त्या वैभवातून हा समज रूढ झाला आणि शालेय पुस्तकांतून पिढ्यानपिढ्या चालत आला. वाळवंटाच्या बाबतीत मात्र मी थोडा हात आखडता घेईन. पर्जन्यमानाच्या निकषावर, म्हणजे वर्षाला सुमारे २५० मिलिमीटरपेक्षा कमी वृष्टी, अंटार्क्टिका हेच सर्वांत मोठे वाळवंट ठरते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर आणि सहाराचे सुमारे ९० लाख. प्रश्नात ‘उष्ण’ हा शब्द नसेल तर सहारा हे उत्तर चुकीचेच आहे. परंतु प्रश्न काढणाऱ्याच्या मनात उष्ण वाळवंटच होते, असे म्हणायला आयोजकांना जागा राहते. म्हणून एकच आक्षेप घेता येणार असेल तर तो हॉकीचा घ्यावा.

आता माझे प्रकरण. आंतरकार्यालयीन स्पर्धा होती, आमचा तिघांचा संघ होता आणि पहिल्या दोन क्रमांकांना राज्यस्तरावर जायला मिळणार होते. प्रश्न आला, ‘राज्यघटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये किती?’ आम्ही अकरा सांगितले. परीक्षकांनी दहा म्हणून गुण पलीकडच्या संघाला दिला आणि त्या फरकाने आम्ही तिसऱ्या क्रमांकावर गेलो. यात वादाला काही जागाच नव्हती. स्वर्णसिंग समितीच्या शिफारशींनंतर १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने दहा कर्तव्ये घातली, आणि सहा ते चौदा वर्षांच्या आपल्या पाल्याला शिक्षणाची संधी देण्याचे अकरावे कर्तव्य २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने आले. ही दुरुस्ती प्रत्यक्ष अमलात आली ती १ एप्रिल २०१० रोजी, शिक्षणहक्क कायद्याबरोबर. आमची स्पर्धा त्यानंतरची होती, त्यामुळे ती पळवाटही कोणाला उरलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आयोजक संस्थेच्या कार्यालयात गेलो. संस्थेचे नाव मी येथे लिहिणार नाही, कृपया प्रतिसादांत तर्कही करू नयेत. तेथील गृहस्थ सौजन्याने वागले, अर्ज ठेवून घेतला, आवक क्रमांकाचा शिक्का मारून पोच दिली आणि प्रश्नसंच तज्ज्ञांनी काढलेला असल्यामुळे त्यांचे मत मागवावे लागेल, असे म्हणाले. ते तज्ज्ञ परगावी होते. पुढच्या खेपेस सांगण्यात आले की, घटनादुरुस्तीची प्रमाणित प्रत जोडा. संसदेने केलेल्या दुरुस्तीची ‘प्रमाणित प्रत’ सामान्य माणसाने कोणाकडून आणायची, हे त्यांनाही सांगता येईना. विधी मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या संविधानाच्या आवृत्तीतील पान दाखवले, तर ‘ते आम्ही पाहू, पण उत्तरसूची हीच प्रमाण’ असे उत्तर मिळाले. ती उत्तरसूची शेवटी टेबलावर माझ्यासमोर आली तेव्हा सगळा उलगडा झाला. कुठल्यातरी गाईडची पाने सरळ झेरॉक्स केलेली होती, पुस्तकाच्या शिवणीची काळी सावली समासात तशीच उमटलेली होती, आणि स्पर्धेसाठी निवडलेल्या प्रश्नांसमोर तांबड्या पेनाने बरोबरच्या खुणा होत्या. तज्ज्ञ म्हणजे हे गाईड! राज्यस्तरीय फेरी उरकल्यानंतर मला पत्र आले, ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.’ मी सूचना केली नव्हती, आक्षेप घेतला होता. पण इतक्या उशिराने त्या दोहोंत फरक तरी काय राहणार?

याचा राग अजून गेलेला नाही, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. गाईड छापणाऱ्यांवर माझा फारसा रोष नाही. त्यांचा तो धंदा आहे. रोष आहे तो, चूक दाखवल्यावर ती दुरुस्त करण्याऐवजी कागदावर कागद मागणाऱ्या कार्यालयांवर. दोन मिनिटांत निकालात निघणारी गोष्ट आवक-जावकच्या नोंदवहीत घातली की ती आपोआप कालबाह्य होते, आणि मग कोणालाच कशाचे उत्तर द्यावे लागत नाही. असो.

माझ्या मते आक्षेप फक्त सभागृहातच टिकतो. प्रश्न संपल्यावर पुढचा प्रश्न सुरू होण्यापूर्वी हात वर करावा, आवाज न चढवता ‘आमचा आक्षेप नोंदवून घ्यावा’ असे म्हणावे, आणि गुणलेखकाच्या टेबलावर प्रश्नाचे नेमके शब्द, आपले उत्तर आणि परीक्षकांनी दिलेले उत्तर अशा तीन ओळी लिहून त्यावर कोणाची तरी सही घ्यावी. प्रश्नाचे शब्द जसेच्या तसे टिपणे हे सर्वांत महत्त्वाचे, कारण नंतर प्रश्न ‘साधारण असाच होता’ यावर चर्चा घसरते. निकाल जाहीर होऊन हारतुरे झाले की कोणतीही संस्था मागे फिरत नाही. दुसऱ्या संघाचे चषकासह फोटो तोपर्यंत सर्वत्र गेलेले असतात. तुमची स्पर्धा होऊन गेली आहे, त्यामुळे आता एक लेखी अर्ज, सोबत मंत्रालयाच्या त्या उत्तराची छापील प्रत, आणि पुढील वर्षी उत्तरसूची तपासून घ्यावी एवढीच मागणी, यापलीकडे मी जाणार नाही. मी कायद्याचा जाणकार नाही आणि प्रत्येक संस्थेचे नियम निराळे असतात. तुमच्या नियमपत्रिकेत मुदत दिलेली असेल तर ती आधी पाहा.

पुराव्याचाही एक क्रम असतो. संविधानाचा मजकूर, राजपत्र, मंत्रालयाचे उत्तर, सर्वेक्षण विभागाचा आकडा, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेचा ठराव, हे पहिल्या पंक्तीतले. मोबाइलवर शोधून दाखवलेले पान परीक्षकांना डिवचण्यापलीकडे काही साधत नाही. एका गाईडविरुद्ध दुसरे गाईड हा तर निव्वळ पोरखेळ आहे.

आता कुठे भांडू नये ते सांगतो. हे मत आहे, कोणाला पटणार नाही. ‘पहिला’, ‘पहिली’ असे शब्द आले की सावध व्हावे. पुण्यात बसून सार्वजनिक गणेशोत्सव कोणी सुरू केला असा प्रश्न विचारणारा माणूस एकतर अननुभवी असतो किंवा त्याला मौज पाहायची असते. एक बाजू १८९२ आणि भाऊसाहेब रंगारी म्हणणार, दुसरी १८९३ आणि लोकमान्य टिळक, आणि दोन्ही बाजूंना आपापले कागद आहेत. पहिल्या भारतीय चित्रपटाचेही तेच. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला, आणि फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच चित्रगृहात ३ मे १९१३ रोजी. परंतु तोरण्यांनी रंगमंचावरचे नाटक चित्रित केले होते, कॅमेरा चालवणारा इंग्रज होता आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनला झाली, या कारणांनी मान फाळक्यांकडे जातो. अशा वेळी परीक्षकांना बहुधा कोणते उत्तर हवे असणार हे ओळखून तेच द्यावे आणि आपले ज्ञान चहाच्या वेळी पाजळावे.

मात्र ‘पहिल्या’ला विशेषण जोडलेले असेल तर ते कान देऊन ऐकावे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी ही पहिली प्रवासी गाडी. मद्रासजवळच्या रेड हिल्सचा दगड वाहणारा लोहमार्ग १८३७ मधला आहे. भिडेवाड्यातील १८४८ ची शाळा ही भारतीयांनी मुलींसाठी काढलेली पहिली शाळा म्हणून सांगितली जाते. मिशनऱ्यांच्या शाळा त्याआधीच्या आहेत. विशेषण गाळून प्रश्न विचारला गेला तर खुलासा मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि तो उत्तर देण्यापूर्वी मागावा, नंतर नव्हे. याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी कीस काढावा असा नाही. पाणी १०० अंशांवर उकळते ते समुद्रसपाटीच्या दाबाला. पुण्यासारख्या सुमारे ५६० मीटर उंचीच्या गावात ते ९८ अंशांच्या आसपासच उकळते. हे खरे असले तरी त्यावरून सभागृहात गुण मागणाऱ्याला मी माझ्या संघात घेणार नाही.

तिसरा प्रकार कालबाह्य उत्तरांचा, आणि माझे प्रकरण त्यातलेच. ही उत्तरे एकेकाळी बरोबर होती, म्हणूनच ती छापील असतात आणि परीक्षकांना खात्रीची वाटतात. एव्हरेस्टची ८,८४८ मीटर ही उंची डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीन यांनी ८,८४८.८६ अशी जाहीर केली. प्लूटोला ऑगस्ट २००६ मध्ये ग्रहांच्या यादीतून वगळून बटुग्रह ठरवण्यात आले. सर्वाधिक उपग्रह कोणाचे, या प्रश्नाने तर २०२३ मध्ये भल्याभल्यांची फजिती केली: वर्षाच्या सुरुवातीला गुरू पुढे गेला, मे महिन्यात शनीने त्याला मागे टाकले, आणि मार्च २०२५ मध्ये शनीच्या खाती आणखी १२८ उपग्रह जमा होऊन संख्या २७४ झाली. अशा प्रश्नाला उत्तर देताना वर्ष जोडून सांगावे, ‘मार्च २०२५ च्या घोषणेनुसार २७४’. परीक्षकांच्या हाती जुना आकडा असला तरी वर्ष ऐकल्यावर ते थबकतात, आणि आक्षेपाचे अर्धे काम तेथेच होते. ही युक्ती मला त्या पत्रानंतर सुचली, पण तेव्हापासून ती बहुतेक वेळा उपयोगी पडली आहे.

राहिला पुस्तकाचा प्रश्न. अमुक एक घ्या असे मी सांगणार नाही, कारण कोणतेही गाईड दोन वर्षांत शिळे होते. अप्पा बळवंत चौकात जाल तेव्हा मुखपृष्ठावरचे वर्ष पाहू नका, ते दरवर्षी बदलते. आतल्या पानावर ‘सुधारित आवृत्ती’ आहे की नुसते ‘पुनर्मुद्रण’ ते पाहा. मग दुकानातच उभ्या उभ्या काही पाने उघडा. मूलभूत कर्तव्ये अकरा आहेत का? महाराष्ट्राचे जिल्हे ३६ आहेत का, की १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होण्यापूर्वीचे ३५? केंद्रशासित प्रदेश आठ आहेत, की दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव २६ जानेवारी २०२० रोजी एकत्र होण्यापूर्वीचे नऊ? अभिजात भाषांत मराठी आहे का? ३ ऑक्टोबर २०२४ च्या निर्णयानंतर ती यादी अकरा भाषांची झाली आहे. यांतले एक जरी चुकले तरी पुस्तक परत ठेवा, दुकानदार कितीही ‘लेटेस्ट आहे सर’ म्हणाला तरी. संकल्पना, व्युत्पत्ती, चरित्रे यांसाठी मराठी विश्वकोश आजही उत्तम आणि फुकट उपलब्ध आहे. आकड्यांसाठी मात्र तो वापरू नका, त्याचे खंड १९७० च्या दशकापासून निघत आलेले आहेत.

अर्जाचा मसुदा हवा असल्यास येथेच कळवा, माझ्याकडील जुना मसुदा संस्थेचे नाव काढून देईन. त्यापूर्वी वाळवंटाच्या प्रश्नाचे शब्द तुमच्या संघातील कोणी टिपून ठेवले असतील तर ते जसेच्या तसे लिहा. ‘उष्ण’ हा शब्द खरोखरच नसेल तर दोन्ही आक्षेप एकाच अर्जात घालता येतील.