बाप्तिस्मा 'घेतला' की 'झाला'?

नाशिकच्या शरणपूर रोडला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. शेजारच्या घरून पत्रिका आली आहे: सात महिन्यांच्या नातीचा बाप्तिस्मा, रविवारच्या उपासनेत, नंतर जेवण. ताई विचारतात, "हे ख्रिस्ती बारसं का? आणि बाप्तिस्मा घेणं म्हणजे धर्म बदलणं, असंच ऐकत आलो. ही पोर तर जन्मापासून ख्रिस्ती घरातली, मग तिला कसला बाप्तिस्मा? एवढ्याशा जिवाला उपासनेतलं कळणार तरी काय?"

बारसं नव्हे. गल्लत होते ती नावामुळे. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या वळणाच्या विधीत पाळक (चर्चचे धर्मगुरू) बाळाला हातात घेऊन आधी नाव विचारतात आणि त्या नावानेच बाप्तिस्मा देतात. पण नाव ठेवणं हा त्यातला मुख्य भाग नाही. मुख्य आहे ते पाणी.

शब्द मूळचा ग्रीक, आणि मूळात अगदी घरगुती. 'बाप्तिझो' म्हणजे बुचकळणं, बुडवणं. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात प्याले-भांडी धुण्यालाही याच कुळातला शब्द वापरला आहे. म्हणजे मोरीवर भांडी विसळणाऱ्या बाईच्या तोंडचा शब्द पुढे संस्काराचं नाव झाला. मराठी अनुवादकांनी तो भाषांतर न करता तसाच ठेवला आणि आपण त्याला 'चष्मा'च्या पंगतीत बसवलं: चष्म्याला, बाप्तिस्म्याला.

तसाच ठेवला हे बरं झालं. १८३०च्या दशकात कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट (पाण्यात बुडवूनच बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाच्या) अनुवादकांनी बंगाली नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, त्याजागी बुडवण्याचा अर्थ असलेला शब्द घातला, तेव्हा ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने पैसा द्यायला नकार दिला. कारण सरळ होतं: डोक्यावर पाणी ओतणाऱ्या चर्चांना 'बुडवणं' कसं चालावं? बॅप्टिस्टांनी १८४०मध्ये भाषांतरासाठी स्वतःची वेगळी सोसायटीच काढली. एका क्रियापदापायी! मराठीत तर आणखी गंमत झाली असती. आपल्याकडे पैसे बुडवतात, धंदा बुडतो, घराणं बुडवलं म्हणून बोटं मोडतात. येशूला बाप्तिस्मा देणारा 'बाप्तिस्मा करणारा योहान' जर 'बुडवणारा योहान' झाला असता, तर त्याच्या दारात सावकार उभे राहिले असते.

कॅथलिक मंडळींत 'स्नानसंस्कार' असाही शब्द आहे. छान आहे, पण नाशिककराने तो जपून वाचावा. आपल्या कानात 'स्नान' म्हटलं की रामकुंड, पर्वणी, सिंहस्थ. ते स्नान पुनःपुन्हा करायचं. हे बहुतेक चर्चांत आयुष्यात एकदाच. त्या शब्दाचा भार 'स्नान'पेक्षा 'संस्कार'वर आहे.

आता ताईंच्या खऱ्या अडचणीकडे. मला विचाराल तर ती नामात नसून क्रियापदात आहे. बाबा पदमनजींनी १८५४मध्ये बाप्तिस्मा घेतला. ना. वा. टिळकांनी १८९५मध्ये मुंबईत घेतला, आणि लक्ष्मीबाईंनी पुढे काही वर्षांनी, स्वतःच्या मनाने. मराठी वाचकाला हा शब्द अशा माणसांच्या गोष्टींतून भेटला, म्हणून 'बाप्तिस्मा' ऐकताच आपण न बोललेलं 'घेतला' मनात जोडतो आणि त्याचा अर्थ धर्मांतर लावतो. पण बाळ काही घेत नाही. बाळाचा बाप्तिस्मा होतो, आईबाप तो करवतात. घेतलं ते जाणत्याने, झालं ते तान्ह्याचं. सोळाव्या शतकापासून ख्रिस्ती पंथांत चाललेलं भांडण या दोन क्रियापदांत मावतं. बॅप्टिस्ट म्हणतात, आधी विश्वास, मग पाणी. कळत्या वयाशिवाय नाही. कॅथलिक, अँग्लिकन, मेथॉडिस्ट म्हणतात, कृपा देवाची आहे, ती बाळाच्या समजुतीसाठी कशाला थांबेल? चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७०मध्ये नागपुरात स्थापन झालं, त्यात अँग्लिकनही आले आणि बॅप्टिस्टही. तिथे तोडगा मराठी संसारातल्यासारखा निघाला: दोन्ही रीती चालतील. ज्यांना बाळाचा बाप्तिस्मा नको, ते त्याचं नुसतं समर्पण करतात, म्हणजे पाण्याविना प्रार्थनेने देवाच्या हाती सोपवतात.

मी असा एक बाप्तिस्मा पाहिला आहे, जानेवारीत, नाशिकच्या भर थंडीत. एका मावशींनी स्वयंपाकघरातून कोमट पाण्याचा तांब्या आणून गुपचूप दगडी कुंडात रिकामा केला. पाळकांनी तीनदा ओंजळीने पाणी घातलं: पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. बाळाने पहिल्या ओंजळीला डोळे मिटले, दुसरीला पाळकांच्या झग्याची बाही धरली आणि तिसरीला असा टाहो फोडला की पुढचं वाक्य कोणाला ऐकूच आलं नाही. मागून एक आजोबा म्हणाले, "मंडळीत आला!"

'मंडळी' हा शब्द इथे नीट ऐकायचा. इंग्रजीत ज्याला चर्च म्हणतात, त्यातल्या माणसांना मराठी ख्रिस्ती 'मंडळी' म्हणतात. आपण 'घरची मंडळी' म्हणतो तेव्हा पाळण्यातलं पोर वगळतो का? लग्नाला 'सर्व मंडळींसह' बोलावलं तर तान्ह्याला कोणी घरी ठेवत नाही. उपासनेतलं त्याला काय कळतं, हा प्रश्न त्या शब्दात बसत नाही. अर्थात सगळीकडे हिशेब इतका स्वच्छ नाही. अनेक चर्चांत बाप्तिस्मा झालेल्या मुलाला प्रभुभोजन (उपासनेतला भाकरी-द्राक्षारसाचा प्रसाद) मात्र दृढीकरणानंतरच, म्हणजे जाणत्या वयात स्वतः विश्वास कबूल केल्यावरच मिळतं. म्हणजे पंगतीत पाट मांडला, वाढायचं तेवढं राहिलं. ऑर्थोडॉक्स मंडळी मात्र तान्ह्यालाही देतात. तोवर आपल्याकडे मुलांची रविवारची शब्बाथ शाळा आहेच, गाणी आणि गोष्टींची.

तर ताई, शेजाऱ्यांकडे जरूर जा. "घेतला का?" म्हणू नका, "झाला का?" म्हणा. पाकिटावर लिहिणार असाल तर 'प्ति' ऱ्हस्व काढा. दीर्घ 'प्ती' मीच तीन पत्रिकांत पाहिला आहे.