पाच तासांत लंडन?

प्रश्न : लेक लंडनला असते. तिकिटावर मुंबईहून दुपारी 1.30 ला निघून तिथे संध्याकाळी 6.30 ला पोहोच दाखवलीय. परतीला मात्र रात्री 8.30 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 11! हे कसं?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तिकिटावर त्या त्या गावची वेळ असते. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे. म्हणून जाताना पाचात साडेपाच मिळवा, साडेदहा तास; येताना साडेचौदातून साडेपाच वजा, नऊ तास. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर फरक साडेचारच धरा.

पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलं तर अंतर सुमारे 7,200 किमी. त्याला ताशी 900 ने भागून आठ तास काढाल तर फसाल. विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर थांबेपर्यंतचा वेळ तिकिटात धरतात. धावपट्टीची रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या त्यातच. बंद हवाई हद्दी टाळताना वळसा पडतो तो वेगळा. परतीला वेळ वाचतो तो दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यामुळे. ‘पृथ्वी खालून फिरते म्हणून’ हे उत्तर साफ चूक. हवाही तिच्याबरोबरच फिरते.

खरा घोटाळा मुंबई गाठण्यातच होतो. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे साडेदहाला हजर हवं. रस्ता पावणेचारशे किमीचा, त्यात घाट. आदल्या रात्रीच निघा. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून विमानाने मुंबईला जायचं तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्या. तिकिटं वेगळी असली आणि पहिलं विमान रखडलं, तर पुढचं चुकल्याचा भुर्दंड सहसा आपल्याच माथी.