फुलांची भाजी पहिल्यांदा करताय? हादग्यापासून सुरू करा

ताई, खायची फुलं म्हटलं की गुलाबाच्या पाकळ्या आणि सजावट आठवते, पण ते सध्या राहू द्या. पावसाळा सरला की नाशिकच्या भाजीबाजारात हादग्याची पांढरी फुलं येतात, ती पावशेर आणा. प्रत्येक फुलाच्या पोटातला केसरांचा दांडा खुडून टाका. नवशिके इथेच चुकतात आणि भाजी कडू झाली म्हणून फुलालाच दोष देतात. मग कांदा, लसूण, हिरवी मिरची परतून फुलं घाला. पाणी अजिबात नको, त्यांचंच पुरतं. शेवटी बेसन पेरून दोन वाफा. फुलं शिजून फार आळतात, म्हणून मीठ आधी नाही, शेवटी चाखून.

भोपळ्याची फुलं परसातली असतील तर सकाळीच खुडा. लांब देठाची, खाली इवलंसं फळ नसलेली ती नरफुलं. तीच घ्या, काही परागासाठी वेलावर राहू द्या. भजी अप्रतिम होतात!

एक मात्र कळकळीनं सांगते:
- हारवाल्याकडची किंवा पॉलिहाऊसमधली फुलं खाऊ नका, त्यांवर फवारणी असते.
- कण्हेर, धोत्रा विषारी. ओळख पटली नाही तर फूल पातेल्यात नको.
- पहिल्यांदा थोडंच खा.

केळफूल सोलायचं नंतर शिकवेन.