सडा, पुळण आणि खाजण: वाचकांचे प्रश्न

आमचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला अयोग्य जमीन) आहे. उन्हाळ्यात तिथे गवताची काडी नसते. तो फोडून झाडांची कलमं लावली तर कुणाचं काय बिघडतं? (राजापूर)

पुष्कळ बिघडतं. मे महिन्यातल्या सड्यावरून त्याची किंमत करू नका, ऑगस्टमध्ये जाऊन बघा. जांभ्यावर माती वीतभरही नसते, तरी त्यात गेंद, कवळा, सीतेची आसवं दाटीवाटीने फुललेली असतात. या मातीत नायट्रोजन फार कमी, म्हणून सीतेची आसवं चिखलात दडलेल्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडतात आणि दवबिंदू ही वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांत कीटक अडकवते. दीपकाडी तर पश्चिम किनाऱ्याजवळचे सडे आणि त्यांचा आसपास सोडून जगात कुठे उगवत नाही. सुरुंग लावून खड्डे केले, बाहेरची माती भरली, की हे सगळं गेलं. शिवाय सड्यावर मुरणारं पाणीच पायथ्याच्या विहिरींना मिळतं. कलमं लावायचीच तर उतारावर माती आहे तिथे लावा. सडा राहू द्या, ही माझी कळकळीची विनंती.

पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, कासवाचं घरटं दिसलं. अंडी उचलून नेऊ का? (दापोली)

स्वतः हात लावू नका. ऑलिव्ह रिडले कासवाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा. लगेच अशासाठी, की अंडी हलवायचीच तर पहिल्या काही तासांतच. पुढे गर्भ कवचाला आतून चिकटतो आणि अंडं फिरलं तर तो मरतो. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, पिल्लं साधारण ४५ ते ६० दिवसांनी निघतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त होतात, म्हणून हॅचरीची (अंडी पुरून जपायची) जागाही जाणकारानेच निवडावी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीने हे काम चाललं आहे, तिथे एकदा जाऊन या. आणि किनाऱ्यावरचे दिवे रात्री बंद ठेवा. पिल्लं उजेडाकडे धावतात, समुद्राऐवजी रस्त्यावर पोचतात.

खाडीकाठच्या खाजणातल्या तिवरांमुळे (कांदळवनामुळे) डास होतात म्हणे. तोडावीत का? (देवगड)

नाही. भरती-ओहोटीचं पाणी खेळतं तिथे डास फारसे वाढत नाहीत. बांध घालून पाणी तुंबवलं की वाढतात. बोय मासे, कोळंबी, खेकडे यांची पिल्लं तिवरांच्याच मुळांत वाढतात. त्यांतलीच पांढरी चिप्पी तर २०२० पासून राज्याचा कांदळवन वृक्ष आहे.

रात्री बागेत खवले मांजर दिसलं. धोका आहे का? (गुहागर)

तुम्हाला काहीच नाही. त्याला दात नसतात, खातं ते मुंग्या आणि वाळवी, म्हणजे बागेचा फायदाच. घाबरलं की अंगाचं वेटोळं करतं. कुत्रे आवरा आणि त्याला जाऊ द्या. फोटो काढलात तर गावाचं नाव घालून पुढे पाठवू नका. खवल्यांची तस्करी करणारे अशाच माहितीच्या शोधात असतात.