कर्ज कोणाचे, मत कोणाचे?

परदेशात राहणाऱ्या एका वाचक भगिनीने कळवले आहे की त्यांची सतरा वर्षांची मुलगी शाळेच्या अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषदेत भाग घेऊन आली आणि त्या दिवसापासून घरात रोज वाद होतो. देशांना कर्ज देणाऱ्या जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या संस्था म्हणजे श्रीमंत देशांची दुकाने आहेत, असे मुलगी म्हणते. याच संस्थांमुळे जगातली गरिबी हटली आणि आता तर भारतात जन्मलेले अजय बंगा जागतिक बँकेचे अध्यक्ष आहेत, असे वडील म्हणतात. आईचे प्रश्न दोन आहेत: बाजू कोणाची घ्यावी, आणि अशाच एका आंतरराष्ट्रीय संस्थेला दरवर्षी दिली जाणारी देणगी चालू ठेवावी का?

ताई, आधी बंगांचा मुद्दा बाजूला काढू, कारण तो वडिलांपेक्षा मुलीच्याच उपयोगाचा आहे. बंगा 2023 मध्ये अध्यक्ष झाले ते अमेरिकेचे नागरिक म्हणून, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवल्यामुळे. बँकेचा अध्यक्ष अमेरिकन आणि नाणेनिधीचा प्रमुख युरोपीय, हा कोठेही न लिहिलेला रिवाज या संस्था सुरू झाल्यापासून मोडलेला नाही. जन्मभूमीचा अभिमान जरूर बाळगावा, पण त्याने प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

तरीही वडिलांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. 1990 मध्ये जगातील एक तृतीयांशाहून अधिक माणसे अतिदारिद्र्यात होती; आज ते प्रमाण साधारण एक दशांशावर आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्या देशांना, अगदी परस्परांचे वैरी असलेल्या अमेरिका आणि सोव्हिएत संघालाही, एका मोहिमेत ओढले आणि 1980 मध्ये देवी या रोगाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. हे श्रेय खरे आहे. गरिबी घटण्याचे श्रेय मात्र इतक्या सरळपणे वाटता येत नाही, कारण त्या घटीतला सर्वांत मोठा वाटा चीनचा आहे. चीनने बँकेची कर्जे घेतली आणि सल्लाही ऐकला, पण धोरण स्वतःच्या चालीने ठरवले. त्याच काळात कर्जाच्या ओझ्याखाली दबलेल्या आफ्रिकी देशांना ती मोकळीक नव्हती. 1980 च्या दशकात कर्जाबरोबर काटकसरीच्या अटी आल्या, आणि अनेक ठिकाणी सरकारी दवाखान्यात तपासणीसाठी पैसे मोजावे लागू लागले. युगांडाने 2001 मध्ये हे शुल्क रद्द केले, तेव्हा दवाखान्यात येणाऱ्या गरिबांची संख्या लगेच वाढली. म्हणजे तोपर्यंत ते आजारी पडत नव्हते असे नाही. ते घरीच बसत होते.

माझा सल्ला असा की एका संध्याकाळी तिघांनी मिळून नाणेनिधीच्या सदस्य देशांच्या मतांचा तक्ता उघडावा. तो सर्वांना पाहता येतो आणि त्यावर भाष्य करण्याची फारशी गरज पडत नाही. अमेरिकेपुढे सुमारे साडेसोळा टक्के, भारतापुढे सुमारे 2.6 टक्के, आणि आफ्रिकेतील गरीब मलावीच्या ओळीत दशांशचिन्हानंतर लगेच शून्य. महत्त्वाच्या निर्णयांना 85 टक्के मते लागतात, त्यामुळे एकट्या अमेरिकेने नाही म्हटले तरी निर्णय अडतो. या तक्त्यात लोकसंख्येचा रकाना नाही. त्याचा परिणाम 2021 मध्ये दिसला. महासाथीतून सावरण्यासाठी नाणेनिधीने 650 अब्ज डॉलरची राखीव मालमत्ता (गरजेला देशांना चलनात बदलून घेता येईल अशी) निर्माण केली, परंतु मते ज्यावर ठरतात त्याच नाणेनिधीतील हिश्श्याप्रमाणे ती वाटायची असल्याने सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला अवघे 21 अब्ज आले. हात अधिक पोळलेल्याला मलम कमी, असा तो हिशेब होता, आणि त्यात नियमभंग कोणीही केला नव्हता. 2024 च्या नोव्हेंबरपासून सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकी देशांना कार्यकारी मंडळात तिसरी जागा मिळाली, पण मंडळ पंचवीस जणांचे आहे हेही सांगायला हवे.

मग मुलीचे म्हणणेच खरे का? पुरते नाही, आणि याचे उदाहरण तिला नर्मदेच्या काठी सापडेल. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने 1985 मध्ये 45 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. बुडणाऱ्या गावांतील लोकांना, त्यांत तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील आदिवासी गावेही होती, कोणी पुरते विचारले नव्हते. त्यांच्या लढ्यामुळे बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. 1992 च्या अहवालात समितीने पुनर्वसनाचे आणि पर्यावरणाचे वाभाडे काढले, आणि 1993 मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले. धरण पुढे झालेच. परंतु त्याच वर्षी बँकेने तपासणी मंडळ स्थापन केले, ज्याच्याकडे प्रकल्पबाधित माणसे आपल्या सरकारला वळसा घालून थेट तक्रार करू शकतात. अमेरिकी संसदेनेही पैसे रोखण्याचा धाक दाखवला होता, आणि संसदेवर दबाव तिथल्या मतदारांनी व संघटनांनी आणला होता. दुकान म्हणून सोडून दिले असते तर हे झाले नसते, आणि देवस्थान म्हणून हात जोडले असते तरीही नाही.

तुम्ही जिथे राहता तिथले नागरिकत्व घेतले असेल, तर तुमच्या खासदाराच्या देशाचे मत त्या तक्त्यात बहुधा जड आहे. मुलीने त्यालाच पत्र लिहून विचारावे की गेल्या वर्षी आपल्या देशाच्या प्रतिनिधीने मंडळात कोणत्या बाजूने मत दिले. वडील कष्टाने वर आले हे तिने मान्य करावे. पण देश बदलल्यावर पगार वाढला तो विमानात बसून कौशल्य वाढले म्हणून नव्हे, हे वडिलांनीही एकदा हसत का होईना कबूल करावे.

विषमता घरातच पाहायची असेल तर मायदेशी पैसे पाठवल्याची पावती काढा. त्यावर शुल्क शून्य असे ठळक छापलेले असले, तरी त्या दिवशीचा बाजारातील विनिमयदर आणि तुम्हाला दिलेला दर यांतील फरक मांडून बघा. पैसे पाठवणाऱ्या कंपनीची कमाई त्या फरकात झालेली असते. हा एकूण खर्च 2030 पर्यंत तीन टक्क्यांखाली आणण्याचे संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्ट आहे, पण जगाची सरासरी अजून त्याच्या जवळपास दुप्पट आहे, आणि थोडी रक्कम पाठवणाऱ्या मजुराला तो सर्वांत महाग पडतो.

देणगी बंद करू नका. लसीकरणाला किंवा निर्वासितांच्या छावणीला दिलेले पैसे मतांच्या तक्त्यातून जात नाहीत, आणि तुमच्या घरातला वाद मिटेपर्यंत लसीला थांबता येत नाही. मात्र पुढचा हप्ता देण्याआधी त्या संस्थेचा वार्षिक अहवाल मुलीच्या हाती द्या आणि तक्रार निवारणाचे पान कोणत्या भाषांत उपलब्ध आहे ते तिला शोधायला सांगा.