शेतकऱ्यांचे प्रश्न : चिकोरीची माशी आणि आपली खोडमाशी

प्रश्न : काका, माझा भाचा नेदरलँड्सला चिकोरीच्या शेतावर कामाला आहे. देठात शिरणाऱ्या माशीनं माल खराब केला, असं फोनवर सांगत होता. कॉफीत घालतात तीच का ही चिकोरी? आणि ती माशी म्हणजे आपल्या सोयाबीनवरचीच खोडमाशी का? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : झाड तेच, वाण वेगळे. कॉफीसाठी मूळ भाजून दळतात. भाच्याकडे बहुधा मुळं उपटून, पाला छाटून अंधाऱ्या खोलीत लावत असतील. तीनेक आठवड्यांत त्यांना पांढरा, कडसर गड्डा येतो. तिथली माशी पानाच्या मधल्या शिरेत वाढते. अळी देठातून खाली उतरते आणि मुळाच्या डोक्याशी बसते. पाला छाटला तरी ती तिथंच. मग पांढऱ्याशुभ्र गड्ड्यात तांबूस बोगदे पडतात. असा माल कोण घेणार?

आपली खोडमाशी तिची चुलत बहीण. कुळ एकच, जात वेगळी. तिकडचीनं सोयाबीन खाल्लं, असं काही होणार नाही.

पण सवय सारखी, वरून कळू द्यायचं नाही. निफाडला कृषी सहायक असताना एक शेतकरी मला म्हणाला, “साहेब, पीक काळंभोर आहे, कशाला उपटता?” माझ्या खिशात कायम ब्लेड असायचं (धुण्यात गेलं की घरी बोलणी खायचो). दहा झाडं उभी चिरली. सहांत लालसर नागमोडी बोगदा, एकात अळी. ते गप्पच झाले. शेंगा भरताना अशा झाडाचा जोर कमी पडतो. देठावर किंवा खोडावर दोन गोल खाचा दिसल्या तर तो चक्रभुंगा, माशी नव्हे. लोक हमखास गल्लत करतात.

अळी खोडात गेल्यावर फवारणीचा उपयोग थोडाच. म्हणून पेरणीआधी थायामेथोक्झाम ३० एफएस हे कीटकनाशक, किलोला १० मिली, बियाण्याला चोळा. आधी बुरशीनाशक, मग हे, जिवाणू संवर्धक सगळ्यात शेवटी. हा क्रम चुकला तर जिवाणू मरतात. शंभरात दहा झाडं पोखरलेली निघाली, तर मात्र लगेच फवारणी करा.

भाच्याला एक गड्डा उभा चिरून फोटो पाठवायला सांगा. बोगदा तुम्ही लगेच ओळखाल.