गडचिरोलीतल्या कॉलेजात एआयएसएचई (केंद्राचं उच्च शिक्षण सर्वेक्षण), नॅक (कॉलेजांचं मूल्यांकन) आणि महाडीबीटी (राज्याचं शिष्यवृत्ती-अर्जाचं पोर्टल) इथले विद्यार्थी-आकडे जुळत नाहीत, काय करावं?

प्रवेशाचं एकच मूळ रजिस्टर एक्सेलमध्ये ठेवा आणि तिन्हीकडचे आकडे त्यातूनच काढा. ओळख पटवा पीआरएनवरून (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक), नावावरून नाही. मडावी, आत्राम, कोवे ही आडनावं आपल्याकडे एकेका वर्गात कितीदा येतात, त्यात कुठे आडनाव आधी, कुठे नंतर. पीआरएनचा रकाना भरण्याआधीच 'टेक्स्ट' करा. नाहीतर एक्सेल त्याला संख्या समजून 15च अंक धरतं. पीआरएन 16 अंकी असेल तर शेवटचा अंक शून्य होतो आणि नंतर फॉरमॅट बदलूनही परत येत नाही. एआयएसएचईच्या संदर्भ तारखेची, म्हणजे ज्या दिवसाचे आकडे मागतात त्या दिवसाची, रजिस्टरची प्रत वेगळी जपा. रद्द प्रवेशाची ओळ पुसू नका, शेरा लिहा. महाडीबीटीचा आकडा मात्र कमीच राहील, तिथे फक्त अर्ज केलेले येतात. तो ओढूनताणून जुळवू नका, अर्ज न केलेल्यांची यादी सोबत जोडा.